एअरगनमध्ये कोरडी हवा: हँडपंप आणि कॉम्प्रेसरसाठी ओलावा फिल्टर कसा निवडावा

जून संपत आला की नाशिकमधल्या पीसीपी, म्हणजे सिलिंडरात आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, रायफलवाल्यांच्या ठरावीक तक्रारी सुरू होतात. ग्रुप उघडला (छर्रे एका जागी न बसता पांगतायत), दाब एकसारखा राखणाऱ्या रेग्युलेटरचा आकडा आपोआप वर सरकतोय, व्हॉल्व्हमधून बारीक फुसफुस येतेय. मग पेलेटचा, म्हणजे छर्र्यांचा, डबा बदलून बघतात, साइट तपासतात, पोझिशनमध्ये खोट शोधतात. शेवटी कधीतरी व्हॉल्व्ह खोलला जातो, तेव्हा आतल्या पितळी जाळीवर हिरवट थर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत पांढरी भुकटी सापडते. दोन्ही पाण्याच्या खुणा. स्टीलच्या सिलिंडरात हेच पाणी तळाशी गंज धरतं आणि तो बाहेरून अजिबात दिसत नाही.

यावर उपाय म्हणून लोक एक फिल्टर विकत घेतात, नळीत जोडतात आणि निर्धास्त होतात. पण हवा कोरडी करणं हे एका डबीचं काम नाही. आधी दाब आणि गारवा यांच्याकडून जमेल तेवढं पाणी काढून घ्यायचं आणि उरलेली वाफ तेवढी रसायनाच्या हवाली करायची. हा क्रम पाळला तर साधा फिल्टरही चोख काम देतो. क्रम चुकला तर महागातला फिल्टर आठवड्यात पाण्यात बुडतो.

आधी पाण्याचा हिशेब

नाशिकचा पावसाळा मुंबईइतका गरम नसतो, पण दमट भरपूर. २५ अंश सेल्सियस तापमान आणि ९० टक्के आर्द्रता धरली, तर एक घनमीटर हवेत सुमारे २१ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. थंडीत पहाटे १० अंशांवर आर्द्रता ८० टक्के असली, तरी हाच आकडा साडेसात ग्रॅमच्या आसपास राहतो. म्हणजे डिसेंबरात बिनतक्रार चाललेली मांडणी जुलैत जवळपास तिप्पट पाणी ओढते. इगतपुरी किंवा त्र्यंबकच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर पावसाळ्याचे चार महिने हा वरचा आकडाच कायम धरावा.

हवेत किती वाफ मावते हे मुख्यतः जागा आणि तापमान यांवर ठरतं, दाबावर फारसं नाही. २०० लिटर हवा एका लिटरात कोंबली की वाफेलाही एकाच लिटरची जागा उरते. बाकीचं पाणी, ओला टॉवेल पिळल्यावर गळावं तसं, थेंब होऊन बाहेर पडतं.

मॅच रायफलचं सिलिंडर साधारण २०० मिलिलिटरचं समजू. ते १०० बारवरून २०० बारला (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब) न्यायला वीस लिटर हवा लागते. तिच्यात पावसाळ्यात ०.४ ग्रॅम पाणी असतं, म्हणजे आठेक थेंब. एका वेळेला किरकोळ, पण रोज सराव करणाऱ्याने महिन्याभराची बेरीज करून बघावी. मोठं ६.८ लिटरचं कॉम्पोझिट सिलिंडर २०० बारवरून ३०० बारला न्यायचं तर ६८० लिटर हवा लागते आणि तिच्याबरोबर १४ ग्रॅम पाणी येतं. चमचाभरापेक्षा जास्त, आणि तेही एकाच भरणीत.

तुलनेसाठी एक मापदंड हाताशी ठेवा. श्वसनाच्या हवेसाठीच्या युरोपीय मानकात, २०० किंवा ३०० बारचे सिलिंडर भरताना कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या हवेत घनमीटरमागे २५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त पाणी चालत नाही. आपल्या जुलैच्या हवेत याच्या आठशेपटीहून जास्त पाणी असतं. एअरगनला इतका कडक निकष लावलाच पाहिजे असं नाही, पण मजल किती मोठी आहे ते यावरून कळतं.

हँडपंप: फिल्टर कोणत्या बाजूला?

तीन टप्प्यांचा हँडपंप वापरत असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा. माझं मत स्पष्ट आहे: मुख्य सुकवणी हवा आत येते तिथे हवी, बाहेर जाते तिथे नको.

कारण साधं आहे. बाहेरच्या बाजूचा फिल्टर उच्च दाबाखाली असतो, त्यामुळे त्याच्या आतली पोकळीसुद्धा तुम्हालाच २०० बारपर्यंत भरावी लागते. ६० मिलिलिटर पोकळीचा फिल्टर २०० मिलिलिटरच्या सिलिंडरला जोडला, तर भरायची जागा तीस टक्क्यांनी वाढली. वर नळी सोडताना ती सगळी हवा वाया जाते आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात. खांद्यावर त्याचा ताण येतो तो वेगळाच, आणि जास्त स्ट्रोक म्हणजे पंपात जास्त उष्णता, सीलची जास्त झीज. कॉम्प्रेसरसाठी बनवलेला लांबलचक सोनेरी फिल्टर हँडपंपाला लावायचा मोह म्हणूनच टाळावा.

आत येणाऱ्या हवेला दाब नसतो. तिथे पारदर्शक प्लास्टिकची साधी डबी चालते, मोठी घेतली तरी पंपाला ओझं होत नाही आणि आतल्या दाण्यांचा रंग डोळ्यांसमोर राहतो. महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरला बाजूला लटकलेली निळ्या किंवा नारिंगी दाण्यांची काचेची नळी तुम्ही पाहिली असेल. ट्रान्सफॉर्मर श्वास घेतो ती हवा त्या दाण्यांमधून जाते. हँडपंपाला नेमकं तेच करायचं आहे. काही कंपन्यांच्या पंपांना असा ड्रायर मूळचाच येतो किंवा वेगळा मिळतो. हिल या ब्रिटिश कंपनीचा ड्राय-पॅक हे त्याचं एक उदाहरण. तुमच्या पंपाची हवा कुठून आत जाते ते आधी नीट पाहा, कारण प्रत्येक मॉडेलमध्ये ती जागा वेगळी असते.

डबीत काय भरायचं? सिलिका जेल. हवा दमट असते तेव्हा ते भरपूर पाणी धरतं, स्वस्त असतं आणि घरी पुन्हा सुकवता येतं. दोन ते चार मिलिमीटरचा दाणा घ्या. त्याहून बारीक घेतला तर हवा ओढताना अडते आणि प्रत्येक स्ट्रोक जड जातो. दोन्ही टोकांना फेल्ट किंवा फोमची चकती हवीच, नाहीतर दाण्यांची धूळ थेट पंपाच्या पहिल्या सीलवर जाऊन बसते. पन्नास ग्रॅम जेल मनासारखं काम करत असताना निदान पाच ग्रॅम पाणी घेतं असं धरा. वरच्या हिशेबाने पावसाळ्यातल्या दहा-बारा भरण्या झाल्या. जेल कागदोपत्री याच्या तिप्पट पाणी धरू शकतं, पण भरत आलेलं जेल हवा पुरती कोरडी करत नाही, म्हणून मी शेवटच्या थेंबापर्यंत थांबत नाही.

बाहेरच्या बाजूला मग काय लावायचं? काडीएवढा, जवळपास बिनपोकळीचा सिंटर्ड ब्राँझचा, म्हणजे कण एकत्र भाजून केलेल्या सच्छिद्र धातूचा, फिल्टर पुरे. तो पाणी अडवत नाही, कचरा अडवतो. बाजारात अंगठ्याएवढे कापसाची कांडी घातलेले फिल्टर मिळतात, तेही चालतील, पण त्यांच्याकडून अपेक्षा नेमकी ठेवा: कापूस थेंब आणि तेलाचा अंश टिपतो, वाफ त्याच्यातून सरळ निघून जाते.

आणि पंप मारायची पद्धत, जी कोणत्याही फिल्टरइतकीच महत्त्वाची आहे. पन्नासेक स्ट्रोक झाले की थांबा. पंपाचा खालचा भाग हाताला कोमट लागेनासा होऊ द्या. गार झालेल्या धातूवर पाणी जमतं, आणि ब्लीड स्क्रू, म्हणजे अडकलेली हवा सोडायचा स्क्रू, सैल केला की तेच पाणी फवाऱ्यासारखं बाहेर येतं. घाईघाईत गरम पंपाने सलग भरलेली हवा हे पाणी वाफेच्या रूपातच सिलिंडरात नेऊन सोडते, आणि ते तिथे गार होऊन जमतं. सिलिंडर भरल्यावर ब्लीडसमोर पांढरा रुमाल धरून बघा. रुमालावर ओला डाग उमटला तर पंप पाणी बाहेर टाकतोय. डाग तेलकट असेल तर सील तपासायची वेळ झाली.

कॉम्प्रेसर: क्रम लावायचा असा

विजेवर चालणाऱ्या लहान कॉम्प्रेसरचा हिशेब वेगळा आहे. तो मिनिटांत शेकडो लिटर हवा दाबतो, गरम होतो आणि तेलाचा अंशही सोडतो. इथे आत येणाऱ्या हवेला सिलिका जेल लावून भागत नाही. एका मोठ्या भरणीलाच ते संपेल. इथे पाणी काढायची खरी जागा दाबानंतरची आहे.

पाहा, किती फरक पडतो. जुलैची २१ ग्रॅम पाण्याची हवा २०० बारला दाबली, ४० अंशांपर्यंत गार केली आणि थेंब वेगळे काढून टाकले, तर मूळ घनमीटरमागे जेमतेम पाव ते अर्धा ग्रॅम वाफ उरते. बाकीचं सगळं पाणी केवळ दाब आणि गारव्याने निघालं, रसायनाचा एक दाणाही खर्ची न पडता. तीच हवा ६० अंशांवर फिल्टरमध्ये गेली तर वाफेचं ओझं अडीचपट होतं. म्हणून कॉम्प्रेसर आणि फिल्टर यांच्यामध्ये लांब नळी किंवा धातूचं वेटोळं घ्या. ते पाण्याच्या बादलीत बुडवता आलं तर फारच चांगलं. पाण्याने थंड होणाऱ्या यॉन्ग हेंगसारख्या कॉम्प्रेसरला पाण्याची बादली लागतेच. एप्रिल-मे महिन्यांत त्या बादलीत बर्फ टाकत चला. फिल्टरची नळी मात्र कॉम्प्रेसरच्या अंगाला चिकटून, गरम वाऱ्यात उभी करू नका.

वेटोळ्यानंतर वॉटर सेपरेटर, म्हणजे खाली ड्रेन व्हॉल्व्ह असलेलं उभं नळकांडं. तो उभाच लावायचा. आडवा ठेवला की जमलेलं पाणी हवेच्या झोताबरोबर पुढे सरकतं. सेपरेटर आणि रसायनाचा फिल्टर एकाच नळकांड्यात कोंबलेले प्रकार मिळतात. माझी पसंती दोन वेगळ्या नळकांड्यांना आहे, कारण ओल्या भागाचं पाणी दाण्यांपर्यंत उसळण्याची भीती राहत नाही.

त्यानंतर मुख्य फिल्टर. आणि त्याच्या पुढे, सिलिंडरच्या आधी, दाब राखणारा व्हॉल्व्ह. या व्हॉल्व्हवर मी जरा थांबतो, कारण विकत घेताना बहुतेक जण नेमका तोच वगळतात.

रिकामं सिलिंडर भरायला घेतलं की सुरुवातीला सगळीकडे २०-३० बारच दाब असतो. त्या दाबाला हवा पुरती पिळली जात नाही. ४० अंशांवर आणि २० बारला घनमीटरमागे अडीच ग्रॅम वाफ हवेतच राहते, २०० बारच्या तुलनेत कितीतरी पट जास्त, आणि हवा फिल्टरमधून सुसाट धावत असल्याने दाण्यांना तिला पकडायला वेळही मिळत नाही. दाब राखणारा व्हॉल्व्ह साधारण १२० ते १५० बार होईपर्यंत हवा पुढे सोडतच नाही. त्यामुळे पहिल्या श्वासापासून फिल्टर उच्च दाबावर काम करतो. मोठं सिलिंडर भरणाऱ्या प्रत्येकाने दुसरा फिल्टर घेण्याआधी हा व्हॉल्व्ह घ्यावा. थेट रायफलच भरणाऱ्याला, जी १०० बारच्या खाली क्वचितच जाते, त्याची गरज कमी. पण सिलिंडर कधीच पूर्ण रिकामं करू नये ही सवय दोघांनाही लावून घ्यावीच लागते.

नळकांड्यात काय भरायचं

मॉलिक्युलर सिव्ह, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांत पाणी धरून ठेवणारे दाणे, १३एक्स जातीचं. वजनाच्या सुमारे वीस टक्के पाणी धरतं, आणि हवेत अगदी थोडी वाफ उरलेली असतानाही तिला ओढून घेतं. सिलिका जेल त्या टप्प्यावर ढिलं पडतं, गरम हवेत आणखीच. सेपरेटरने ९८ टक्के पाणी आधी काढलं असेल तर शंभर ग्रॅम सिव्ह बराच काळ पुरतं. सेपरेटर नसेल तर तेच शंभर ग्रॅम एका दिवसात संपू शकतं. थेंब थेट दाण्यांवर पडले तर दाणे फुटून त्यांचा चिखल होतो, तो वाळला की धूळ, आणि ती धूळ तुमच्या रेग्युलेटरच्या सीटवर.

सिव्हनंतर थोडं अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन. ते पाण्यासाठी नाही, तेलाच्या वाफेसाठी आहे. म्हणून ते नेहमी सिव्हच्या पुढच्या बाजूला, जिथे कोरडी झालेली हवा पोहोचते. ओलं कार्बन तेल धरत नाही. सर्वांत शेवटी घट्ट फेल्टची चकती आणि सिंटर्ड जाळी. हवा कोणत्या बाजूने आत जाते याचा बाण नळकांड्यावर नसेल तर मार्करने स्वतः काढून ठेवा. उलटा लागलेला फिल्टर वरवर पाहून कळत नाही.

विकत आणलेलं सिव्ह ताजं आहे का हे तपासायची एक छान पद्धत आहे. स्टीलच्या वाटीत चमचाभर दाणे घ्या, त्यांवर थोडंसं पाणी टाका आणि वाटीला बाहेरून हात लावा. ताजे दाणे सळसळतात, बुडबुडे सोडतात आणि वाटी काही क्षणांत चटका बसण्याइतकी तापते. तळहातावर हा प्रयोग करू नका. वाटी जेमतेम कोमट झाली तर ते सिव्ह दुकानातच अर्धं भिजलेलं आहे. पावसाळ्यात सुट्या पोत्यातून मोजून दिलेला माल हमखास असा निघतो. सीलबंद डबाच मागा.

घरी पुन्हा सुकवायचं म्हटलं तर सिलिका जेल ११०-१२० अंशांवर दोन-तीन तासांत तयार होतं. सिव्हला मात्र २०० ते ३०० अंश लागतात, म्हणून घरगुती ओव्हनच्या नादी न लागता ते बदललेलं बरं. निळ्या सिलिका जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला घातक आहे. ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये अजिबात नको; कोबाल्टविरहित नारिंगी घ्या. आणि सुकवलेलं जेल ओट्यावर उघडं गार होऊ देऊ नका. आपल्या जुलैच्या हवेत ते गार होता होताच पुन्हा ओलावतं. गरम असतानाच काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा.

नळकांडं स्वतः किती भक्कम?

हा विभाग वाचल्याशिवाय खरेदी करू नका. फिल्टरवर लिहिलेला दाब तुमच्या सर्वाधिक दाबापेक्षा वरचा हवा. ३०० बार म्हणजे ३० मेगापास्कल, सुमारे ४,३५० पीएसआय. वेगवेगळ्या एककांत लिहिलेले आकडे नीट जुळवून बघा. सुरक्षेची बर्स्ट डिस्क, म्हणजे दाब मर्यादेबाहेर गेला की आधी फुटणारी चकती, आहे ना, तिचा आकडा नळकांड्याच्या मर्यादेला धरून आहे ना, हे विचारा.

सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत कसबी टर्नर आहेत. अ‍ॅल्युमिनियमचा बार नेऊन दिला तर संध्याकाळपर्यंत देखणं नळकांडं हातात येईल. कृपा करून हे करू नका. ४० मिलिमीटर आतला व्यास असलेल्या नळकांड्याच्या झाकणावर ३०० बारला पावणेचार टनांहून जास्त जोर येतो. धातू कोणत्या ग्रेडचा, आट्यांची खोली किती, कोपऱ्यातला ताण किती, याचं गणित आणि पाण्याने दाब देऊन केलेली चाचणी नसेल तर ते नळकांडं खोलीत ठेवायच्या लायकीचं नाही. प्लास्टिकच्या पाइपाचा तर उच्च दाबाच्या बाजूला विचारही नको.

तेवढाच गंभीर धोका तेलाचा. खनिज तेल, साधं ग्रीस, गंज सोडवायचे स्प्रे यांतलं काहीही उच्च दाबाच्या हवेच्या वाटेत आलं की ते पेटून स्फोट होऊ शकतो. ओ-रिंगला, म्हणजे जोड हवाबंद करणाऱ्या रबरी कडीला, फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटावर चमक येईल एवढंच. कॉम्प्रेसरला निर्मात्याने सांगितलेलंच सिंथेटिक तेल. आणि एअरगन किंवा तिच्या सिलिंडरात ऑक्सिजन कधीही, कोणत्याही अडचणीत भरायचा नाही. या मांडणीतली हवा श्वास घेण्यासाठीही नाही. तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड हे फिल्टर काढत नाहीत.

रोजचं वागणं

कॉम्प्रेसर चालू असताना दर पाचेक मिनिटांनी ड्रेन किंचित उघडा. दुधासारखं पांढरं पाणी बाहेर येईल. ते तेल आणि पाणी यांचं मिश्रण असतं आणि ते येणं चांगलंच लक्षण आहे. भर पावसाळ्यात ते यायचं थांबलं, तर पाणी पुढे जातंय असं समजा आणि मशीन बंद करून सेपरेटर तपासा.

काम संपल्यावर दाब सावकाश सोडा. झटक्यात सोडला तर दाणे एकमेकांवर आपटून चुरा होतात आणि ओ-रिंगमध्ये शिरलेली हवा आतल्या आत फुगून रबराला फोड आणते. दाब असताना नळकांड्याचं झाकण कधीही फिरवू नका. गेज शून्य दाखवत असला तरी ब्लीड उघडा ठेवून मगच झाकण काढा.

सिव्ह कधी बदलायचं हे तासांवर किंवा अंदाजावर सोडू नका, वजन करा. ताजं भरलेलं नळकांडं किंवा आतली कार्ट्रिज घरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा मार्करने अंगावरच लिहा. शंभर ग्रॅम सिव्ह असेल तर वजन दहा ग्रॅमने वाढलं की बदला. वीस ग्रॅमची वाट पाहिली तर शेवटच्या काही भरण्या ओल्या गेलेल्या असतील. वापर नसताना नळकांड्याची दोन्ही तोंडं टोपीने बंद ठेवा. उघडं राहिलेलं सिव्ह कपाटात बसल्या बसल्या भिजतं.

कॉम्प्रेसर कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. पार्किंगमधल्या ओल्या कोपऱ्यापेक्षा कोरड्या खोलीतली हवा ओढू द्या. २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या एसी खोलीत घनमीटरमागे साधारण ११ ग्रॅम पाणी असतं, बाहेरच्या जुलैच्या निम्मं. मोठं सिलिंडर असेल तर ते पावसाळ्याआधी मेच्या कोरड्या दुपारी भरून ठेवणं सर्वांत सोपं. आणि दुसऱ्या कुणाच्या सिलिंडरातून, क्लबच्या किंवा मित्राच्या, रायफल भरणार असाल तर आधी त्या सिलिंडरच्या हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याने दाब देऊन केलेल्या चाचणीची, तारीख पाहा, त्याचा व्हॉल्व्ह मोकळ्या हवेत क्षणभर उघडून आतला कचरा उडवून द्या, आणि नळीत स्वतःचा छोटा सिव्हचा फिल्टर जोडूनच रायफलला हवा द्या.